चौसष्टची चिठ्ठी

"अहो, हळू चालवा ना!" रोशनी ओरडली.

"चाळीस," अश्विन शांतपणे म्हणाला.

"माहा जीव चालला इथं!"

"चाळीसवर कोणाचा जीव जात नसते. हा काटा पाह्य."

रोशनीला काटा पाहणं शक्य नव्हतं, कारण तिनं डोळे गच्च मिटले होते. एका हातात तिची ओढणी होती आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. सिंदी मेघेच्या वळणावर गाडी अशी काही वळली की पिशवीतली वांगी उघड्या टपातून एकामागून एक रस्त्यावर उतरली. शेवटचं वांगं मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं छातीवर झेललं. घराच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा रोशनी खाली उतरली, उरलेली कोथिंबीर तिनं अश्विनच्या मांडीवर ठेवली आणि जाहीर केलं, "ह्या गाडीत मी पुन्हा बसन तं माहं नाव बदलजा."

गाडी होती लाल, दोन माणसांची, टप उघडणारी. वय वर्षे एकवीस. नागपूरच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली होती, पण प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, म्हणून तिला मोठी चाकं बसवून घेतली होती. पुढे डॉक्टरांचंच पोट वाढलं आणि गाडी विकायला निघाली. अश्विन ताकसांडेनं लहानपणापासून अशा गाडीचं चित्र वहीच्या शेवटच्या पानावर काढलेलं होतं. त्यानं जास्त विचार केला नाही. त्याच्या आयुष्यातली विचार न करता केलेली ती एकमेव गोष्ट.

कारण एरवी अश्विन फार मोजून मापून वागणारा माणूस. त्याची नोकरीच तशी. तो वजनमापांचा निरीक्षक होता. पितळी वजनांची पेटी घेऊन तो जिल्हाभर फिरायचा, दुकानदारांचे काटे तपासायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि चूक असेल तर काटा बंद करायचा. त्यात तो भाऊ-बहीण, जात-गोत, चहा-पाणी काही पाहत नसे. घरीसुद्धा चहात साखर किती असं विचारलं तर तो ग्रॅममध्ये सांगायचा. त्याचा विश्वास आकड्यावर. स्वतःच्या डोळ्या-कानांवर नाही, अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावर तर मुळीच नाही. काटा चाळीस म्हणतो म्हणजे चाळीस. वांगी उडाली तर तो वांग्यांचा दोष.

रोशनीनं ही तक्रार वरच्या कोर्टात नेली, म्हणजे सासऱ्यांकडे. लहानूजींनी एकतीस वर्षं एका जिनिंगच्या ट्रकमधून कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. त्या ट्रकचा काटा ते कामाला लागले त्या दिवशी शून्यावर होता आणि निवृत्त झाले त्या दिवशीही शून्यावरच होता.

"मंग तुमाले वेग कसा समजे, बाबा?" अश्विननं विचारलं.

"दगडावर. मिनिटात एक दगड गेला का साठ. दीड मिनिटात गेला का चाळीस. त्याले मीटर कायले पायजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूजी मनगटावरचं जुनं घड्याळ चोळत गाडीत बसले. बसता बसता म्हणाले, "गाडीत बसलो का जमिनीवर, काई समजून नाई राह्यलं." मोकळ्या रस्त्यावर अश्विननं काटा बरोबर चाळीसवर धरला. पहिला किलोमीटरचा दगड आला, लहानूजींनी "हां!" केलं. दुसरा दगड आला, पुन्हा "हां!"

"छप्पन सेकंद," ते म्हणाले.

"नव्वद पायजे," अश्विन म्हणाला.

"ते दगडाले सांग."

पुन्हा मोजलं. छप्पन. तिसऱ्यांदा मोजलं. सत्तावन, पण मध्ये एक म्हैस होती. अश्विननं गाडी कडेला घेतली आणि बोटांवर हिशेब केला. काटा चाळीस म्हणत होता तेव्हा गाडी चौसष्टनं धावत होती. मोठी चाकं! एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जायचा, आणि मीटर बिचारं जुन्या चाकांचेच फेरे मोजत बसलं होतं. चोवीसची चूक! दहा ग्रॅमच्या चुकीला दुकानदाराचा काटा बंद करणारा अश्विन ताकसांडे रोज सकाळ-संध्याकाळ एका खोट्या काट्यामागे बसत होता.

रोशनी ते ऐकून जी हसायला लागली ती कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत हसतच होती. अश्विन मात्र जेवला नाही.

"इतलं काय झालं त्यात? करून घ्या दुरुस्त," ती म्हणाली.

"मधुकररावाले समजलं तं?"

हे नाव ऐकल्यावर रोशनीचंही हसू थांबलं.

मधुकरराव मून यांचं बोरगाव मेघेत किराणा दुकान होतं. शिवाय ते बौद्धाचार्य होते. आसपासच्या चाळीस गावांत लग्न असलं की विधी लावायला तेच. आपल्या लग्नात मुहूर्त नसतो, पण पत्रिकेवर वेळ असते, आणि ती वेळ म्हणजे वेळ, असं ते म्हणायचे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही लग्न एक मिनिट उशिरा लावलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी अश्विननं त्यांच्या दुकानातला काटा तपासला. काटा चूक निघाला, पण उलटा चूक. किलोला वीस ग्रॅम जास्त देत होता.

"मी लोकाइले जास्त देऊन राह्यलो, त्याची शिक्षा करता का?" मधुकररावांनी विचारलं होतं.

"काट्यानं कमी द्यायचं नसते अन् जास्तही द्यायचं नसते, मधुकरराव. काट्यानं खरं सांगायचं असते." असं म्हणून अश्विननं काटा बंद केला. आठ दिवस दुकान सुकं राहिलं. त्या आठ दिवसांत मधुकररावांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, "ज्या दिवशी ह्या सायबाचा काटा चुकन ना, त्या दिवशी साऱ्या बोरगावात पेढे वाटतो मी." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

आणि ही असली गाडी हाताळू शकेल असा एकच मिस्तरी होता, कार्तिक. त्याचं गॅरेज मधुकररावांच्या दुकानाच्या अगदी समोर. तिथं गाडी नेऊन मीटर उघडायचं म्हणजे स्वतःच्या हातानं पेढ्यांची ऑर्डर देण्यासारखं होतं. अश्विननं रोशनीकडून आणि बाबांकडून वचन घेतलं की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. गाडी काही दिवस झाकून ठेवावी, असा त्याचा बेत होता. तेवढ्यात जामहून त्याच्या बहिणीचा, ज्योत्स्नाचा फोन आला. रविवारी तिच्या मुलीचं लग्न होतं.

"दादा, मयुरीच्या लग्नात मधुकररावाले तूच घेऊन येजो. त्या लाल गाडीत. बाकी साऱ्या गाड्या गुंतल्या हायेत."

"मी? अवं, थे माह्याशी बोलत नाई."

"म्हणूनच. चाळीस किलोमीटर शेजारी बसल्यावर कोण बोलत नाई? मी त्याइले सांगूनही टाकलं. साडेअकराची वेळ हाय, उशीर नको करजो."

आता माघार नव्हती. अश्विननं हे काम त्याच्या खात्याच्या पद्धतीनं हाती घेतलं. लागोपाठ तीन सकाळी तो एकटाच दगड मोजत हिंडला, तक्ता तयार केला, आणि मग पांढऱ्या कागदाची नेटकी चिठ्ठी कापून मीटरच्या काचेवर चिकटवली. जिथं वीस होतं तिथं बत्तीस, तीसच्या जागी अठ्ठेचाळीस, चाळीसच्या जागी चौसष्ट. आता काटा खरं सांगणार होता. काम चोख झालं याचा आनंद इतका झाला की सवयीनं त्यानं चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि खाली तारीख घालून सही ठोकली.

इकडे रोशनीला नवऱ्याचं उतरलेलं तोंड पाहवेना. तिनं त्याला चिडवलं होतं, पण माणूस जेवायचाच थांबला म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. गाडीत ती पुन्हा बसलीच नव्हती, त्यामुळे चिठ्ठीचा तिला पत्ता नव्हता. शुक्रवारी अश्विन हिंगणघाटच्या बाजारात काटे तपासायला गेला आणि रोशनीनं कार्तिकला गुपचूप घरी बोलावलं. त्यालाही तिनं वचनात बांधलं. कार्तिकनं मीटर चालवणारी एक बारकी गरारी, म्हणजे दातेरी चकती, बदलली, मोठ्या चाकांच्या मापाची बसवली. मग गाडी फिरवून आणली. चिठ्ठीचा कोपरा हळूच उचलून त्यानं खालचे आकडे पाहिले, ते आता अगदी बरोबर येत होते. चिठ्ठी काढूनच टाकावी असं त्याच्या मनात आलंही होतं. पण त्यावर अश्विन ताकसांडेची तारखेसकट सही होती. सबंध वर्धा जिल्ह्यात त्या सहीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. कार्तिकनं थुंकी लावून कोपरा पुन्हा चिकटवला आणि सायकलवर टांग टाकली.

रोशनीनं ठरवलं, लग्न झालं की सांगू, खूश होतील. शनिवारी ती आणि लहानूजी पुढे जामला गेले.

रविवारी सकाळी अश्विन सव्वादहालाच बोरगाव मेघेत हजर होता. मधुकरराव पांढऱ्या शुभ्र कपड्यांत दुकानाच्या पायरीवर उभे होते, पण एका म्हातारीला साबुदाणा पाहिजे होता, तो नव्या काट्यावर तोलण्यात त्यांनी अश्विनकडे पाहत पाहत भरपूर वेळ घेतला. निघायला पावणेअकरा झाले.

"पोचतो ना वेळेवर?" मधुकररावांनी रस्त्याकडे पाहत विचारलं. दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"चौसष्टनं चाललो तं अडतीस मिनिटं लागते. अकरा तेवीसले मंडपात," अश्विन म्हणाला आणि त्यानं काटा चिठ्ठीवरच्या चौसष्टवर आणून ठेवला. तिथून तो तसूभर हलू दिला नाही.

वारा छान लागत होता. जरा जास्तच मंद लागत होता, पण अश्विनचा वाऱ्यावर विश्वास नव्हताच. पाच मिनिटांनी एक ऑटो त्यांना मागे टाकून गेला. मग एक स्कूटर गेली, तिच्यावर तीन माणसं आणि एक कूलर होता.

"काय चालवून राह्यले हे लोक!" अश्विन म्हणाला. "आपण चौसष्टवर अन् हे आपल्याले ओव्हरटेक करून राह्यले. काई धाक राह्यला नाई."

थोड्या वेळानं मागून धडधड आवाज आला. ट्रॅक्टर. त्याच्या ट्रॉलीत लग्नाचीच मंडळी बसली होती, बायकांच्या मांडीवर आहेराच्या पिशव्या होत्या. ट्रॅक्टर शेजारी आला, बराच वेळ शेजारी राहिला आणि हळूहळू पुढे गेला. ट्रॉलीतून कौशल्याबाई नावाच्या एका दूरच्या आत्यानं वाकून विचारलं, "अश्विन, बिघडली का रे? दोर देऊ का बांधाले?"

"नाई आत्या, चालू हाय!" अश्विन ओरडला. मग मधुकररावांकडे वळून म्हणाला, "हा ट्रॅक्टर कमीत कमी सत्तरवर असन. ह्याची तक्रार केली पायजे."

आता मात्र मधुकररावांनी मान वळवून आधी ट्रॅक्टरकडे, मग अश्विनकडे आणि मग मीटरकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला.

"हे काय चिकटवलं हाय, सायेब?"

खोटं बोलणं सोपं होतं. दुरुस्तीची पावती आहे म्हणता आलं असतं, मुलांचा खेळ म्हणता आलं असतं. पण सगळं आयुष्य खऱ्या वजनाच्या नावानं काढलेल्या माणसाला आयत्या वेळी खोटं सुचेना. मोठी चाकं, बाबांचे दगड, छप्पन सेकंद, म्हैस, तक्ता, सगळं त्यानं सांगून टाकलं. "माहा काटा चुकला, मधुकरराव. तुमाले पेढे वाटायचे असन तं वाटा. पण आता बरोबर हाय. मी स्वतः तपासलं."

मधुकररावांनी बाही मागे सारून घड्याळ पुढे धरलं. "दीड मिनिट म्हणजे चाळीस, असं म्हणे ना तुमचे बाबा?" एक दगड गेला. शेतं गेली, एक बाभूळ गेली, एक कुत्रं गाडीबरोबर चालत आलं आणि कंटाळून परत गेलं. मग दुसरा दगड आला.

"नव्वद," मधुकरराव म्हणाले.

"तुमचं घड्याळ पुढं असन."

पुढच्या दगडाला मोबाईलवर मोजलं. नव्वद. अश्विनचा चेहरा पडला.

"म्हणजे सायेब," मधुकरराव एकेक शब्द तोलून म्हणाले, "तुमी चौसष्ट सांगून चाळीस देऊन राह्यले. माहा काटा तं जास्त देत होता."

सव्वाअकरा वाजले होते आणि जाम अजून वीस किलोमीटर होतं. त्यानं गाडी कडेला घेऊन बाबांना फोन लावला. फोन रोशनीनं उचलला.

"गाडीच्या मीटरले कोणी हात लावला का?" अश्विननं विचारलं.

पलीकडे सनईच्या रेकॉर्डशिवाय काही ऐकू येईना. मग रोशनीचा बारीक आवाज आला, "मी तुमाले लग्न झाल्यावर सांगणार होती ना. शुक्रवारी कार्तिककडून करून घेतलं. आता एकदम बरोबर हाय म्हणे. काऊन?"

अश्विननं फोन मांडीवर ठेवला. मीटर बरोबर होतं, चूक होती ती चिठ्ठी. त्याच्या हस्ताक्षरातली, त्याच्या सहीची. तो नुसता तिच्याकडे पाहत बसला.

"काढा ना आता," मधुकरराव म्हणाले. "का पंचनामा लागते?"

अश्विननं चिठ्ठी सोलून काढली. 'तपासले, बरोबर आहे' हा कोपरा तेवढा निघता निघेना, तो मधुकररावांनी नखानं खरवडून दिला. मग काटा खऱ्या साठवर गेला, वारा खरोखर लागू लागला आणि मधुकररावांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी धरली. पण मिनिटं ती मिनिटंच. त्यात जामच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली. मधुकरराव सारखे मनगटाकडे पाहत होते. "अठ्ठावीस वर्षं झाली," ते एकदाच पुटपुटले, आणि ते ऐकून अश्विनला आपल्या नावापेक्षा त्यांच्या अठ्ठावीस वर्षांचं जास्त वाईट वाटलं. ह्या माणसानं कोणाला एक मिनिट कमी दिलं नव्हतं, आणि आज ते आपल्यामुळे जाणार होतं.

सभागृहाच्या दारात ते उतरले तेव्हा अश्विनच्या घड्याळात बारा वाजायला बारा मिनिटं होती. मान खाली घालून दोघं आत शिरले. पण आत कोणी चिडलेलं दिसेना. मयुरी पांढऱ्या साडीत नवरदेवाशेजारी बसली होती. ज्योत्स्ना हसत पुढे आली. "जय भीम, मधुकररावजी! आले का? अगदी वेळेवर!"

मधुकररावांनी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर सभागृहाचं मोठं घड्याळ होतं. त्यात अकरा सत्तावीस झाले होते. घड्याळाच्या बरोबर खाली एक लाकडी खुर्ची होती, खुर्चीवर धुळीत उमटलेली चपलांची दोन ठळक पावलं होती, आणि शेजारी लहानूजी उभे राहून फार लक्षपूर्वक छताचा पंखा पाहत होते.

अश्विनच्या ध्यानात सारं आलं. सरळसरळ मोजमापाच्या साधनात केलेली लबाडी, आणि तीही त्याच्याच बापाकडून! त्याचं तोंड सवयीनं उघडलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला.

"सायेब," मधुकरराव हळूच म्हणाले, "घड्याळ तुमच्या खात्यात येते का?"

वेळ मोजण्याच्या साधनांविषयी कुठल्या तरी नियमात एक ओळ असल्याचं अश्विनला आठवत होतं. कलमही जवळजवळ जिभेवर आलं होतं. त्यानं मधुकररावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई येत," तो म्हणाला.

बरोबर साडेअकरा वाजता, म्हणजे त्या घड्याळात, त्रिशरण पंचशील सुरू झालं. मधुकररावांचा आवाज खणखणीत लागला होता.

सोमवारी संध्याकाळी अश्विन कामावरून आला तेव्हा रोशनीनं टेबलावर एक मिठाईचा डबा ठेवला होता. बोरगाव मेघेहून आलेला. आत पेढे होते.

"साऱ्या बोरगावात वाटले का?" अश्विननं घाबरत विचारलं.

"नाई. कार्तिक घेऊन आला. म्हणे, मधुकररावानं एकच डबा भरला, तुमच्या घरचा. कोणाले काई सांगतलं नाई."

अश्विन खुर्चीवर बसला. मग हात आपोआप पेटीजवळच्या तपासणीच्या काट्याकडे गेला. त्यानं रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं, काटा स्थिर होऊ दिला आणि वाकून आकडा वाचला.

"एक किलो वीस ग्रॅम," तो म्हणाला. "वीस ग्रॅम जास्त हाय."

"मंग?" रोशनीनं कमरेवर हात ठेवले. "आता काय, त्याचा काटा बंद करता?"

अश्विननं डब्यातला एक पेढा उचलला, तळहातावर जरा तोलून पाहिला आणि तोंडात टाकला.

"आता बरोबर हाय," तो म्हणाला.